हिरव्या कापडाखालचा सौदा

गुंगीचं औषध देणारी डॉक्टरीण अब्दुल गफ्फारची मुलगी आहे हे मला कळलं, तेव्हा मी पलंगाखाली पायाने चपला चाचपायला लागलो होतो.

ऐकणारा म्हणेल, सदुसष्ट वर्षांचा किसनराव सुईला भ्याला. मुळीच नाही. परतवाड्याच्या संत्र्याच्या बाजारात मी चाळीस वर्षं दलाली केली आहे, सुईबिईला भिणारा माणूस नव्हे. शिवाय दोन महिन्यांपासून मानेतून एक कळ निघायची ती उजव्या हातातून मनगटापर्यंत सरसर उतरायची. भाकर मोडताना डोळ्यांत पाणी यायचं. झोप तर विसरूनच गेलो होतो. त्या कळेपुढे सुईची काय मातब्बरी? मी भ्यालो ते माणसाला. ज्याच्याशी अकरा वर्षं आपलं बोलणं नाही, त्याच्या पोटच्या पोरीच्या हाती स्वतःची शुद्ध सोपवायची, हे कोणत्या शहाण्याला पटेल ते सांगा.

अमरावतीचा हा दुखण्याचा दवाखाना मुलाने पुण्यात बसून मोबाइलवर शोधला. मानेत नसेजवळ इंजेक्शन देतात, कळ थांबते, संध्याकाळी घरी सोडतात. डॉक्टर अमोल म्हणून एक तरुण माणूस सुई देणार होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण सकाळी दहाच्या सुमाराला एक मुलगी फाइल घेऊन पलंगाशी आली. डोक्याला स्कार्फ, पायात कापडी बूट, डोळ्यांना चष्मा.

"काका, मी डॉक्टर नगमा. इंजेक्शनच्या वेळी तुमच्या उशाशी मी असणार. तुमचा श्वास, बीपी, गुंगी, सगळं मी सांभाळणार."

माझी एक सवय आहे. माल समोर आला की आधी बगीचा विचारायचा. "कुठल्या तुमी?"

"अचलपूरची."

"वडील काय करतात?"

तिने पेनाला टोपण लावलं. "अब्दुल गफ्फार. परतवाड्याच्या स्टँडसमोर फळांचं दुकान आहे. तुम्ही ओळखता त्यांना."

ओळखता का, असं तिने विचारलं नाही. ओळखता, असं सांगितलं. तिथेच माझा पाय चपलेकडे गेला. शेजारच्या स्टुलावर माझी बायको सत्यभामा बसली होती. तिने माझा पाय पाहिला आणि चप्पल हळूच स्वतःच्या पायाने मागे सारली. बेचाळीस वर्षांच्या संसारात बाईने माझं बरंच काही असं न बोलता मागे सारलेलं आहे.

"सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?" नगमाने विचारलं.

"काईच नाई. पाण्याचा थेंब नाई."

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी पण बघत राहिलो. नजर खाली घालणारा दलाल मी नव्हे.

"मग मिशीवर हा टोस्टचा चुरा कशाचा, काका?"

आता मला सांगा, ही नजर डॉक्टरची की पोलिसाची? खरं तर मी साडेसातला परतवाड्याच्या स्टँडवर एक चहा आणि दोन टोस्ट हाणले होते. उपाशी माणसाला लवकर गुंगी चढते असं मी ऐकलं होतं, आणि मला ती चढू द्यायची नव्हती. सत्यभामा तेव्हा बसमध्ये जागा धरून बसली होती. आता ती कपाळाला हात लावून म्हणाली, "पाहा वो बाई, हे असे हायेत."

नगमा चिडली नाही. म्हणाली, "बरं झालं दिसलं. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते आणि माणूस दगावतो. आता दुपारी दोनला करू. तोवर खरोखरच काही घेऊ नका." आणि गेली.

"पायलं?" मी सत्यभामेला म्हणालो. "टाइम काढून राहिली. आता बापाले फोन लावीन. का करू, कसं करू, समदं इचारून घेईन."

"तिनं तुमचा जीव वाचवला."

"वाचवला का वाचवल्यावानी केलं, ते दोन वाजता समजन."

खोटं नाही सांगत, थोड्या वेळाने मी बाथरूमला म्हणून निघालो, तर ती जिन्याच्या कठड्याशी फोनवर होती. "अब्बा, गोली ली क्या? खाना खाके लेना," एवढंच कानावर पडलं. मला बघून तिने आवाज खाली केला. आवाज कशाला खाली करायचा, गोळीच विचारत होती तर? दवाखान्यात हळू बोलावं अशी पाटी माझ्या डोक्यावरच लावलेली होती, पण ती मी नंतर वाचली.

दोन वाजायला चार तास होते. पोट रिकामं, मान ठणकत, आणि समोर घड्याळ. अशा वेळी माणसाला जुनं आठवतं, आणि मला तर एकच गोष्ट आठवण्यासारखी होती.

आमच्याकडे संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो. व्यापारी येतात, झाडांमधून फिरतात, मग दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकतो. एकेक व्यापारी त्याखाली हात घालतो आणि दलालाची बोटं धरतो. जितकी बोटं धरली तितके लाख. बाकीच्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही. दलालाने हाताने समजून घ्यायचं, सगळ्यांत चढ्या बोलीला माल द्यायचा, आणि कोणी किती धरली ते मरेपर्यंत बोलायचं नाही. हत्ता म्हणतात त्याला. सरकारने बाजार समितीत तो बंद केला, पण बगीच्यात सरकार कुठे येतं? या हाताने मी हजारो सौदे केले. माझा हात चुकला असं परतवाड्यात कोणी म्हटलं नव्हतं.

अब्दुल गफ्फार माझ्यासोबत वाढलेला. तो घेणारा, मी देववणारा. त्याच्या घरची ईद आणि माझ्या घरची दिवाळी, दोन्हीकडे दोघांची ताटं ठरलेली. ही नगमा लहानपणी आमच्या दोघांच्या मध्ये बसून दुपट्ट्याखाली बोटं धरायचा खेळ खेळायची. अकरा वर्षांनी, चष्म्याआड, मी तिला ओळखलंच नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी चांदूर बाजारकडच्या नत्थुजींचा आंबिया बहाराच्या संत्र्याचा बगीचा विकायला निघाला. चार व्यापारी आले. वरुडच्या एकाने साडेतीन धरली, तीन बोटं आणि वर अर्ध्याची खूण. गफ्फारने शेवटी हात घातला आणि तीन धरली. मी दुपट्टा झटकला आणि माल वरुडकराला दिला.

गफ्फार उभ्या जागी ओरडला, "अबे किसन, मी चार धरली!"

मी म्हणालो, तीन.

तो म्हणाला, चार. मग म्हणाला, "तू वरुडवाल्याशी मिळाला."

हे त्याने नत्थुजींसमोर, चार व्यापाऱ्यांसमोर म्हटलं. माझं डोकं फिरलं. मी पण सगळ्यांसमोर म्हणालो, "गफ्फारनं जबान फिरवली. माल हातचा गेला म्हून आता चार सांगून राहिला." लोकांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मला खरं मानलं. त्या दिवसापासून एकाही दलालाने गफ्फारला दुपट्ट्याखाली हात घालू दिला नाही. जबान फिरवणाऱ्याशी हत्ता होत नाही, हा बाजाराचा नियम आहे. दोन वर्षांत त्याचा बगीच्यांचा धंदा बसला. मग त्याने स्टँडसमोर फळांचं दुकान टाकलं. मी रोज त्या रस्त्याने जातो, पलीकडच्या बाजूने. पोरगी त्यातून डॉक्टर कशी झाली, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मनात यायचं, पण लगेच त्याने मला बेइमान म्हटलेलं आठवायचं आणि माझा विचार तिथेच थांबायचा.

एक वाजता ती पुन्हा आली. हातात कापसाचा बोळा.

"काका, डोळे मिटा. मी एकेका बोटाला कापूस लावते. लागला की हो म्हणा. इंजेक्शनच्या आधी बोटांना किती समजतं ते लिहून ठेवावं लागतं, म्हणजे नंतर फरक कळतो."

काय लिहून ठेवणार आहे ही? दलालाचा हात अधू आहे असं एकदा कागदावर गेलं की संपला दलाल. तशी माझी करंगळी बरेच दिवसांपासून जरा सुस्त होती, शेजारचं बोट पण कधीकधी. वय झालं की होतं असं, कोण लक्ष देतो? पण गफ्फारच्या मुलीला ते कशाला सांगायचं? मी डोळे मिटले आणि तिचा ताल पकडला. अंगठा, हो. पहिलं बोट, हो. मधलं, हो. तिसरं, हो. करंगळी, "हो."

"मी अजून लावलाच नाही, काका."

"घाई झाली."

तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी मी नीट अंदाज घेतला आणि बरोबर वेळेला हो म्हणालो. तिने कागदावर काहीतरी लिहिलं, ते मला वाचता आलं नाही.

"एक काम करा बाई," मी म्हणालो, "मले गुंगीच नोको. तशीच सुई टोचा. मी हूं का चूं करणार नाई."

"मानेत सुई जाते, काका. तुम्ही दचकून हललात तर नसेला इजा होईल. म्हणून थोडी गुंगी. पण पूर्ण झोपवणार पण नाही, कारण हातात करंट आल्यासारखं वाटलं तर तुम्ही सांगायला पाहिजे."

पूर्ण जागा नाही, पूर्ण झोपलेला नाही. अशा अवस्थेत माणूस काहीही बोलतो. दारू प्यायलेल्याला मी पाहिलं आहे, चार घोटांत घरातलं सगळं बाहेर काढतो. मला वाटलं, ही अर्धी शुद्ध ठेवते आहे ती वदवून घ्यायला. "बोल किसनकाका, वरुडवाल्याशी मिळाला होतास ना?" आणि मी गुंगीत काय बोलेन याचा मला तरी काय भरवसा? एकदा नर्ससमोर हो निघालं तोंडातून, की झालं. अकरा वर्षांनी गफ्फार खरा आणि मी खोटा. जिवापेक्षा मला हीच भीती जास्त होती.

मी सत्यभामेला दाराशी बसायला सांगितलं. "कान देऊन आयक. काई बी आयकू आलं तर ध्यानात ठेव."

दोन वाजता मला आत नेलं. पालथं झोपवलं, चेहऱ्याखाली मधे भोक असलेली उशी. खाली फक्त फरशी दिसत होती आणि कापडी बुटांचे दोन पाय. नाकाला नळी, डाव्या बोटाला चिमटा, हाताला सलाईन. मग माझ्यावर हिरवं कापड पडलं, डोक्यापासून हातापर्यंत.

कापडाखालून एक हात आला आणि त्याने माझा उजवा हात धरला.

"आता थोडं औषध देतेय. माझा हात तुमच्या हातात राहील. त्रास झाला तर दाबा."

जागं राहायचं म्हणून मी गावांची नावं घ्यायला लागलो. करजगाव, शिरजगाव, ब्राह्मणवाडा, चांदूर बाजार, आसेगाव, पथ्रोट. परत करजगाव, शिरजगाव. तिसऱ्या फेरीला चांदूर बाजारच्या पुढे गाव सापडेना. फरशी लांब गेली. नत्थुजींच्या बगीच्यातलं ओलं आळं दिसायला लागलं आणि आंबिया संत्र्याचा वास आला.

कापडाखालच्या हाताने आधी अंगठा माझ्या मनगटाला टेकवला, मग बोटं धरली. ही रीत एकाच माणसाची. बाकी सगळे सरळ बोटांना हात घालतात.

"गफ्फार?" मी म्हणालो.

"किती?" आवाज बाईचा होता.

"तीन."

हात सुटला. पुन्हा अंगठा मनगटाला टेकला. "आता?"

"तीन."

"नीट बघा, काका. आता?"

"तीन! तीन! दलाल मी हाय का तू?"

मग प्रश्न थांबले. तो हात मात्र माझ्या हातात तसाच राहिला. त्यानंतर मानेत काहीतरी रुतलं, हातातून वीज गेली, मी दाबलं, कोणीतरी "थांबा सर" म्हणालं. पुढचं आठवत नाही.

जागा झालो तेव्हा साडेतीन वाजले होते. मान हलकी वाटत होती. कळ शोधली, सापडली नाही. पण आनंद करायला मला फुरसत नव्हती.

"काय बोललो मी?" सत्यभामेला पहिला प्रश्न.

"मले दारातून इतलंच आयकू आलं. तीन, तीन करून राहिले होते तुमी. मोठ्यानं."

गुंगीतलं ते तीन मला पुसट आठवत होतं. पण त्याशिवाय? माझ्याकडून काय वदवून घेतलं? मी नगमाला बोलवायला लावलं. ती आली, सलाईन पाहिलं, बीपी पाहिलं, शांतपणे. मी म्हणालो, "गुंगीत मी काय बोललो?"

"गुंगीतलं बोलणं आम्ही कोणाला सांगत नाही."

"अवो पण ते माहंच बोलणं हाय ना!"

ती स्टूल ओढून बसली. "तुम्हाला सांगता येईल. हात द्या." तिने माझी बोटं धरली. "डोळे मिटून सांगा, किती?"

"तीन."

"आता डोळे उघडा."

चार होती. तिच्या मुठीत माझी चार बोटं होती, करंगळीसकट. मी बघत होतो आणि तरी मला तीनच लागत होती.

मी हात हिसकला. "माहा हात मारला तुमी! सुई देऊन करंगळी मारली! मले सकाळीच समजलं होतं. बापाचा बदला घेतला पोरीनं!"

शेजारच्या पलंगावरची माणसं उठून बसली. सत्यभामेने तोंडाला पदर लावला. नगमाचा चेहरा लाल झाला, पण तिने फाइल उघडून माझ्यासमोर धरली. "हे वाचा. दोन वाजून दहा मिनिटं. उजवी करंगळी, स्पर्श अजिबात कळत नाही. खाली सिस्टरची सही. आणि ही इंजेक्शनची वेळ, दोन पंचवीस. दुपारी तुम्ही अंदाजाने हो म्हणत होता, म्हणून गुंगी चढल्यावर मी पुन्हा तपासलं. तेव्हा सुई टोचलेली नव्हती. करंगळी आधीपासूनच अशी आहे. कधीपासून?"

"असंन, सा महिने," मी म्हणालो.

"सा महिने?" सत्यभामा मध्येच बोलली. "काहून खोटं सांगता? टेम्पोवरून पडले तवापासूनची हाय ते. चुलीचा चटका लागून करंगळीले फोड आला होता, तरी त्याईले मीच दाखवला तवा समजलं."

"टेम्पोवरून कधी पडले, काकू?"

"लय वर्सं झाले. नत्थुजीच्या बगीच्याच्या पयले. मानेले पट्टा बांधून तर गेले होते त्या सौद्याले."

तिने ते सहज सांगितलं आणि मग स्वतःच थांबली. माझ्याकडे पाहायला लागली. मी भिंतीकडे पाहत होतो. पट्टा मला आठवला. त्या उन्हात त्याच्याखाली आलेला घाम पण आठवला. पहिलं बोट, मधलं, तिसरं. आणि मेलेली करंगळी, जिला कोणी धरलं काय आणि सोडलं काय, मला कळणारच नव्हतं. वरुडकराची तीन मला बरोबर लागली, कारण त्याने तीनच धरली होती. गफ्फारने चार धरली होती.

मला लाज वाटली. साधी, उघडी लाज, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर वाटते तशी.

मी विचारलं, "तुह्या अब्बाले सांगतलं?"

"नाही."

"सांगशील?"

"नाही. पेशंटचं आम्ही बाहेर सांगत नाही. अब्बा असोत की कोणी."

"म्हंजे हे कोणालेच समजणार नाई?"

"माझ्याकडून नाही."

तिने फाइल मिटली. मी म्हणालो, "तुले माहा राग नाई आला? आत, ते तीन आयकल्यावर?"

तिने चष्मा काढून पुसला. "आला. खूप आला, काका. सकाळी तुमचं नाव यादीत बघितल्यावरच मी अमोलसरांना म्हणाले होते, भूलतज्ज्ञ दुसरा बोलवा. दुसरे आज अकोल्याला गेलेत. म्हणून मग मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली आणि सिस्टरला शेजारी उभं केलं. माझा माझ्यावर भरवसा नव्हता." मग उठताना म्हणाली, "कळ थांबेल. करंगळीचं सांगता येत नाही, फार वर्षं गेली."

म्हणजे दिवसभर मी तिच्यावर जितका संशय घेतला, तितकाच तिने स्वतःवर घेतला होता, आणि माझ्या अंगाला धक्का लागू दिला नव्हता. मी मात्र अकरा वर्षांत एकदाही स्वतःच्या हातावर संशय घेतला नव्हता.

परतीच्या बसमध्ये सत्यभामा एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे सगळ्यांत मोठा ओरडा असतो. मी पण मनात वकिली करत होतो. आता मी हत्ता करत नाही, वय झालं. गफ्फारचं दुकान बरं चाललंय. पोरगी डॉक्टर झाली. जुनं उकरून कोणाचं भलं होणार? उद्या वरुडचे, चांदूरचे सगळे म्हणतील, या दलालाचा हात कधीपासून मेलेला होता, आमचे किती सौदे बुडवले? चाळीस वर्षांची कमाई म्हणजे माझा हात, तोच बाजारात हसू व्हायचा. आणि कोणाला कळणारच नाही, हे तर ती स्वतः सांगून गेली होती.

आठ दिवस मी गाढ झोपलो, भाकर मोडली, पाण्याची बादली उचलली. आणि आठही दिवस गफ्फारच्या दुकानासमोरून पलीकडच्या बाजूने गेलो. नवव्या दिवशी बाजार होता. दुकानाशेजारच्या चहाच्या बाकावर जुने दलाल बसले होते, नत्थुजी पण होते, काठी टेकून. सत्यभामेने सकाळी काही न बोलता माझा दुपट्टा धुऊन, घडी करून खुंटीवर ठेवला होता. तो खांद्यावर टाकला आणि मी रस्ता ओलांडला.

गफ्फार मोसंबी मांडत होता. दाढी पूर्ण पांढरी झालेली. मान वर करून गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाला, "काय पाहिजे?"

"हात."

त्याचे डोळे बारीक झाले. "काहून? आता कशाचा सौदा?"

"हात दे ना बापा. नत्थुजी, तुमी बी या अठी. या समदे."

बाकावरची माणसं गोळा झाली. मी उजव्या हातावर दुपट्टा टाकला. गफ्फार बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, यात काय डाव आहे ते शोधत. मग त्याने हात आत घातला. अंगठा मनगटाला टेकला, मग बोटं.

"तीन," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

त्याचा चेहरा काळवंडला. त्याला वाटलं, मी पुन्हा चारचौघांत त्याची फजिती करायला आलो. त्याने हात मागे ओढला, पण मी सोडला नाही. डाव्या हाताने दुपट्टा काढून टाकला.

त्याच्या मुठीत माझी चार बोटं होती. सगळ्यांनी पाहिली.

"माही करंगळी मेलेली हाय," मी म्हणालो. "टेम्पोवरून पडलो तवापासून. मले मागच्या हप्त्यात अमरावतीले समजलं. नत्थुजी, तुमच्या बगीच्यात गफ्फारनं चार धरली होती. त्यानं जबान फिरवली नाई. माहा हात खोटा होता, अन् मी त्याले खोटं पाडलं."

नत्थुजी काठीवर ओणवे होऊन त्या चार बोटांकडे पाहत राहिले. मला वाटलं, गफ्फार शिवी देईल, थोबाडीत देईल. मी तयार होतो. तो माझ्या बोटांकडेच बघत होता.

"किसन," तो शेवटी म्हणाला, "पयले दोन सालं मी समद्याईले सांगे, चार धरली होती. मंग सांगणं सोडलं. मंग इतले लोक म्हणून राहिले तर मलेच वाटाले लागलं, तीनच धरली असतीन. नमाजले हात बांधले का मी माहीच बोटं चाचपून पाहो. अल्लासमोर उभा राहून बोटं मोजो मी."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

त्याने माझी तीन बोटं सोडली आणि करंगळी धरून ठेवली. नखाने तिच्या टोकाला दाबलं.

"समजते?"

"नाई."

त्याने जोरात दाबलं. नखाचा खोल वण उमटलेला मला दिसला.

"आता?"

"नाई," मी म्हणालो.